पडदा भरला, चित्र गेलं : रुंद टीव्हीवरचा जुना सिनेमा



आजचा विषय ऐकून काहींना वाटलं असेल, की हा रिमोट चालवायचा क्लास आहे. थोडासा आहेच. पण मुख्य प्रश्न समीक्षेचा आहे. आपण जुन्या सिनेमाबद्दल सहज मतं देतो. ‘माणसं बुटकी दिसतात’, ‘सगळं कोंदट वाटतं’, ‘फ्रेमिंगची समजच नव्हती त्या काळी’. मी विचारतो, हे मत आपण कुठल्या चित्रावरून दिलं? दिग्दर्शकाने घेतलेल्या, की टीव्हीने ताणलेल्या? घरी बसून जुन्या सिनेमाला जी नावं ठेवली जातात, त्यांतली बरीचशी त्या सिनेमाची नसतात. ती सेटिंगची असतात.

आधी हिशोब बघू. चित्राची रुंदी आणि उंची यांचं प्रमाण म्हणजे ॲस्पेक्ट रेशो. मूकपटांच्या काळात हे प्रमाण साधारण ४:३ होतं, म्हणजे उंचीच्या १.३३ पट रुंदी. बोलपट आले, फिल्मच्या कडेला ध्वनीची पट्टी आली, आणि १९३२ मध्ये हॉलिवूडच्या अकादमीने १.३७ हे प्रमाण ठरवलं. पुढे टीव्ही आला, त्यानेही ४:३ च उचललं. मग टीव्हीमुळे प्रेक्षक घरी बसायला लागला, म्हणून १९५३ मध्ये सिनेमावाल्यांनी सिनेमास्कोप आणला. घरात मावणार नाही इतकं रुंद चित्र. आपल्याकडचा पहिला सिनेमास्कोप चित्रपट म्हणजे गुरुदत्त यांचा ‘कागज़ के फूल’, १९५९.

आता आपला आजचा टीव्ही १६:९. हा आकडा कुठून आला? १९८० च्या दशकात कर्न्स पॉवर्स नावाच्या अमेरिकन अभियंत्याने हे प्रमाण सुचवलं. एका टोकाला ४:३, दुसऱ्या टोकाला २.३५ चा सिनेमास्कोप, यांच्या बरोबर मधलं. म्हणजे बघा, १६:९ ही मुळातच तडजोड आहे. सगळी चित्रं काळ्या पट्ट्यांसकट नीट बसावीत म्हणून केलेली. काळी पट्टी हा टीव्हीचा दोष नाही. ती त्या आकाराच्या जन्मापासूनच त्याच्यासोबत आहे.

पण आपल्याला पट्टी सहन होत नाही. ‘एवढे पैसे दिले ते काय काळा रंग बघायला?’ (हशा) मग रिमोट हातात येतो आणि दोन गोष्टी घडतात.

पहिली, ताणणं. ४:३ चं चित्र पूर्ण पडद्यावर ताणलं की प्रत्येक गोष्ट एक तृतीयांशाने रुंद होते. बैलगाडीचं चाक अंडाकृती होतं. प्रभातच्या बोधचिन्हातली तुतारी वाजवणारी स्त्री उगाच स्थूल होते. आणि गंमत अशी, की दहा मिनिटांत डोळ्यांना सवय होते. चूक दिसेनाशी होते, पण ‘काहीतरी बेढब आहे’ ही भावना मात्र राहते. तिचं खापर आपण सिनेमावर फोडतो.

दुसरी, कापणं, म्हणजे झूम. इथे चाक गोल राहतं, म्हणून हा प्रकार सभ्य वाटतो. पण ४:३ चं चित्र १६:९ मध्ये भरायचं तर उंचीचा पाव भाग फेकावा लागतो. वरून फेटा जातो, खालून पाय जातात. चित्रावर छापलेली सबटायटल्स असतील तर तीही जातात.

आता ‘संत तुकाराम’ घ्या. प्रभात, १९३६, दिग्दर्शक दामले आणि फत्तेलाल. हे चौकोनाच्या जवळ जाणाऱ्या चौकटीत रचलेलं चित्र आहे. या सिनेमाच्या शेवटी तुकोबांचं वैकुंठगमन आहे, आकाशात जाणारं विमान आहे. ज्या गोष्टीला वर जायचं आहे तिला वर जागा हवी, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. जमीन आणि आकाश, घर आणि वैकुंठ, संसार आणि विठ्ठल हा या सिनेमाचा ताण आहे, आणि उंची हा तो दाखवण्याचा मार्ग आहे. तुम्ही वरचा आठवा हिस्सा आणि खालचा आठवा हिस्सा कापलात, तर नुसतं आकाश आणि माती गेली नाही. अर्थ गेला.

उलट उदाहरण ‘कागज़ के फूल’चं. व्ही. के. मूर्ती यांचं छायाचित्रण. रिकाम्या स्टुडिओत वरून येणारा तो प्रकाशाचा झोत तुम्हा सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असेल. तिथे दोन माणसांमधलं अंतर हेच सगळं सांगतं, आणि ते अंतर आडवं आहे. हे चित्र १६:९ मध्ये भरायला कापलं, तर जवळपास २४ टक्के रुंदी जाते. जुन्या ४:३ टीव्हीसाठी कापलं तर ४३ टक्के. दुराव्याचं चित्र, आणि दुरावाच कापून टाकला!

हे फक्त आपल्याकडे घडतं असं नाही. २०१९ मध्ये ‘द सिम्पसन्स’चे जुने भाग डिस्ने प्लसवर कापून १६:९ मध्ये आले. त्यात एक विनोद होता. बिअरच्या तीन वेगवेगळ्या टाक्या, तीन वेगवेगळी नावं, आणि वर बघावं तर तिन्ही एकाच नळीतून भरतायत. कापल्यावर वरची नळीच गेली. उरल्या तीन टाक्या, विनोद संपला. प्रेक्षकांनी ओरड केली आणि २०२० मध्ये मूळ ४:३ चा पर्याय द्यावा लागला. प्रेक्षक बोलले म्हणून हे झालं, एवढं लक्षात ठेवा.

आता पलीकडची बाजू, कारण ती खोटी नाही. पहिला आक्षेप, ‘चित्र लहान होतं’. ४३ इंची टीव्हीवर ४:३ चं चित्र पट्ट्यांसकट लावलं, तर ते साधारण ३५ इंची जुन्या टीव्हीएवढं भरतं. ज्या घरात २१ इंची टीव्हीवर अख्ख्या आळीने ‘रामायण’ बघितलं, त्या घराने हे लहान म्हणायचं? दुसरा आक्षेप, पट्ट्यांमुळे पडदा खराब होतो. प्लाझ्मा टीव्हीच्या काळात ही काळजी रास्त होती. ओएलईडीवर रोज तासन्‌तास तेच प्रमाण लावलं तर थोडी काळजी आजही घ्यावी. साध्या एलसीडी-एलईडी टीव्हीला मात्र एखाद्या सिनेमाने काही होत नाही. तिसरा आक्षेप मला मान्य आहे. आजी-आजोबांची नजर कमी आहे, त्यांना चेहरा मोठा हवा, तर खुशाल झूम करा. माणूस सिनेमापेक्षा मोठा. फक्त काय सोडतोय हे माहीत असू द्या.

बरं, मग करायचं काय? क्रम नीट ऐका. आधी सेट-टॉप बॉक्स किंवा प्लेअर बघा. त्यात टीव्हीचा प्रकार १६:९ हवा. तिथे ४:३ राहिलं, तर रुंद सिनेमा चारही बाजूंनी काळ्या चौकटीत, टपाल तिकिटासारखा दिसतो, आणि आपण शिव्या टीव्हीला देतो. मग टीव्हीच्या पिक्चर मेनूमध्ये जा. ‘ओरिजिनल’ किंवा ‘ऑटो’ असेल तर ते निवडा, झूम बंद करा. ‘जस्ट स्कॅन’, ‘स्क्रीन फिट’, ‘फुल पिक्सेल’ अशा नावांचा एक पर्याय असतो, तो चालू करा. तो नसेल तर जुन्या काचेच्या टीव्हीच्या सवयीने कडांचा थोडा भाग आजही कापला जातो. शेवटी चित्रात काहीतरी गोल शोधा. चंद्र, घड्याळ, चाक, ताट. गोल गोल दिसलं तर ताण नाही.

कधी कधी चॅनलच चित्र ताणून पाठवतो. त्यावर उपाय आहे. टीव्ही ४:३ वर टाका, चित्र परत आवळून जागेवर येतं. पण चॅनलने कापूनच पाठवलं असेल, तर तुमच्या रिमोटवर कुठलंही बटण नाही. ताणलेलं परत मिळतं, कापलेलं नाही.

आणि म्हणून हा प्रश्न घरच्या सोयीपुरता राहत नाही. आपल्या जुन्या मराठी सिनेमाच्या चांगल्या प्रती आधीच थोड्या. पुष्कळांची त्यांच्याशी एकमेव भेट टीव्हीवर किंवा मोबाइलवर होते. तिथे कापलेली प्रतच फिरत राहिली, तर पुढच्या पिढीसाठी तोच मूळ सिनेमा ठरेल. तो पाहून कुणी तरुण म्हणेल, यांना चौकट कळत नव्हती. आणि त्याला चूक म्हणायला आपल्याकडे पुरावा नसेल.

तेव्हा पुढच्या वेळी जुना सिनेमा लावलात आणि बाजूला काळ्या पट्ट्या दिसल्या, तर त्या राहू द्या. कापलेला दिसला, तर दाखवणाऱ्याला लिहा, विचारा. आणि मत द्यायचंच असेल, तर आधी चाक गोल आहे का, तेवढं बघा.

आता प्रश्न घेऊ.