मॅमी घरी कुठे जाते?

‘गॉन विथ द विंड’ मी पहिल्यांदा पाहिला तो आईबरोबर, भाड्याने आणलेल्या व्हिडिओ कॅसेटवर. आईला इंग्रजी संवाद जेमतेम कळत होते, पण मॅमी तिला पहिल्याच प्रसंगात कळली. स्कार्लेटच्या कॉर्सेटच्या नाड्या आवळत, मेजवानीला जाण्याआधी चार घास खाऊन घे म्हणून तिच्यामागे लागलेली ती धिप्पाड काळी बाई पाहून आई म्हणाली, “अगं, हा तर आपला रामूकाका!” आम्ही दोघी हसलो. पुढे बरीच वर्षं कुणी या सिनेमाला वर्णद्वेषी म्हटलं, की मी मॅमीला पुढे करायचे. एवढ्या मोठ्या सिनेमात शहाणं म्हणावं असं माणूस एकच, आणि ते काळं आहे. मग तक्रार कसली?

ती शहाणी आहे हे मला आजही मान्य आहे. पण आईचा शेरा माझ्या युक्तिवादापेक्षा खोल होता, हे फार उशिरा कळलं. रामूकाका म्हणजे कोण? खांद्यावर फडकं टाकून वावरणारा, मालकांच्या मुलीच्या लग्नात डोळे पुसणारा नोकर. त्याला गाव आहे का, त्याची बायको कुठे असते, तो रात्री झोपतो कुठे, हे आपण कधी विचारलं नाही. सिनेमाने तो प्रश्न पडूच दिला नाही. मॅमीचंही तेच. मॅमी हे तिचं नाव नव्हे, कामाचं नाव आहे. तिने त्या घराण्याच्या तीन पिढ्या वाढवल्या, पण तिची स्वतःची मुलं होती का, असली तर ती विकली गेली का? जवळजवळ चार तासांच्या सिनेमात याविषयी एक वाक्य नाही. यादवी युद्ध सुरू होतं, अटलांटा जळतं, युद्ध संपतं. १८६५ साली गुलामगिरी कायद्याने संपली, पण आपण आता मोकळ्या आहोत हे मॅमीला कळल्याचा क्षण पडद्यावर येतच नाही. आधी ती टाराच्या मळ्यावर असते, नंतरही टारावरच.

वर्णद्वेषी साच्यांविषयी बोलताना आपण बहुतेक वेळा वाईट रंगवलेल्या माणसांविषयी बोलतो. ग्रिफिथच्या ‘द बर्थ ऑफ अ नेशन’मधला (१९१५) गस ओळखायला सोपा आहे : गोऱ्या मुलीच्या मागे धावणारा, आणि तोही तोंडाला काळं फासलेल्या गोऱ्या नटाने रंगवलेला. त्याच्याविषयी आज दुमत नाही. मॅमी अवघड आहे, कारण ती लाडकी आहे.

तिचा सर्वांत मोठा प्रसंग जिन्यावरचा. स्कार्लेटची लहान मुलगी घोड्यावरून पडून गेली आहे. मेलनी भेटायला आली आहे, आणि मॅमी तिच्याबरोबर जिना चढता चढता घरात काय चाललंय ते सांगते आहे. बाप मुलीला पुरू देत नाही, कारण तिला अंधाराची भीती वाटायची. एकेका पायरीवर तो आवाज जड होत जातो. मला हा प्रसंग पाठ आहे आणि अजूनही रडू येतं. पण आता रडताना मनात एक हिशेबही चालू असतो. या बाईच्या दुःखाला पडद्यावर मोठी जागा मिळाली, ती दुसऱ्याच्या लेकरासाठी. तिचं काम रडणं हेही आहे, आणि ती ते चोख करते.

या भूमिकेसाठी हॅटी मॅकडॅनियलला सहायक अभिनेत्रीचं ऑस्कर मिळालं. ते मिळवणारी ती पहिली कृष्णवर्णीय व्यक्ती. २९ फेब्रुवारी १९४०चा तो समारंभ लॉस एंजलिसच्या अँबॅसेडर हॉटेलात होता. तिथे काळ्यांना प्रवेश नव्हता. रदबदली करून तिला आत घेतलं गेलं आणि बाकी कलाकारांपासून दूर, भिंतीलगतच्या टेबलावर बसवलं गेलं. त्याआधी डिसेंबरात अटलांटाला सिनेमाचा पहिला खेळ झाला, त्याला ती नव्हतीच. जॉर्जियात काळ्या-गोऱ्यांना वेगळं ठेवणारे कायदे होते. तिचे आई-वडील दोघंही कधीकाळी गुलाम होते. वडील यादवी युद्धात उत्तरेच्या सैन्यातून लढलेले. म्हणजे ज्या पराभवावर हा सिनेमा अश्रू ढाळतो, तो घडवून आणणाऱ्यांत तिचे वडील होते.

अशा भूमिका स्वीकारल्याबद्दल तिला तिच्याच समाजातून बोल ऐकावे लागले. मोलकरीण असण्यापेक्षा मोलकरणीची भूमिका करून कितीतरी जास्त पैसे मिळतात, अशा अर्थाचं उत्तर तिच्या नावावर सांगितलं जातं. मला ते उत्तर बिनतोड वाटतं. पण माल्कम एक्सने आत्मचरित्रात सांगितलेली आठवणही तितकीच बिनतोड आहे : मिशिगनमधल्या एका थिएटरात तो एकटाच काळा प्रेक्षक होता, आणि याच सिनेमातली किरट्या आवाजाची, भांबावलेली प्रिसी पडद्यावर आली तेव्हा त्याला गालिच्याखाली शिरून लपावंसं वाटलं. एकाच सिनेमाने एकीला घर दिलं आणि दुसऱ्याला लपायला जागा ठेवली नाही.

घर दिलं, हे मी शब्दशः म्हणते आहे. मॅकडॅनियलने लॉस एंजलिसच्या वेस्ट ॲडम्स भागात, शुगर हिल म्हणून ओळखल्या जाणाऱ्या टेकाडावर मोठं घर घेतलं. तिथल्या जुन्या करारांत काळ्यांना घरं विकू नयेत अशी अट होती. गोऱ्या शेजाऱ्यांनी कोर्टात धाव घेतली. तिने इतर काळ्या घरमालकांना एकत्र केलं, आणि १९४५ साली न्यायाधीशांनी शेजाऱ्यांचा दावा फेटाळला. तीन वर्षांनी सुप्रीम कोर्टाने असे करार कोर्टांमार्फत अमलात आणता येणार नाहीत असं ठरवलं. नंतर त्या वस्तीच्या पोटातूनच सांता मोनिका फ्रीवे काढण्यात आला, तो भाग वेगळा. पडद्यावर जिला रात्री झोपायला स्वतःची खोली दिसली नाही, ती बाई पडद्याबाहेर घरासाठी कोर्टात उभी होती.

आमच्याकडे बावीस वर्षं पोळ्या करायला येणाऱ्या मावशींचं घर मी एकदाच पाहिलं, त्या गेल्या तेव्हा. दारात उभी असलेली त्यांची मुलगी मला नावाने ओळखत होती. मला तिचं नाव ठाऊक नव्हतं. तेव्हापासून सिनेमा पाहताना मी एवढंच बघते : काम संपल्यावर कॅमेरा या माणसाबरोबर घरी जातो का?

या प्रश्नाने चांगले चांगले सिनेमे अडचणीत येतात. ‘ग्रीन बुक’ने २०१९ साली सर्वोत्तम चित्रपटाचं ऑस्कर घेतलं. त्यातला पियानोवादक डॉन शर्ली नोकर नाही, उलट गोरा माणूस त्याचा ड्रायव्हर आहे. शर्लीला घरही आहे, कार्नेगी हॉलच्या वर, हस्तिदंतांनी आणि सिंहासनासारख्या खुर्चीने भरलेलं. फक्त त्यात माणसं नाहीत. माणसं, गोंगाट, सॉसचा वास, हे सगळं ड्रायव्हरच्या ब्रॉन्क्समधल्या घरात. आणि नाताळच्या रात्री शर्लीला तिथे जागा मिळते तेव्हा सिनेमा संपतो. तो आपल्या माणसांपासून तुटलेला होता हे चित्र खरं नाही, असं शर्लीच्या कुटुंबीयांनी जाहीरपणे सांगितलं. साचा ऐंशी वर्षांत सुधारला तो इतका : घर दिलं, पण रिकामं करून.

असं व्हायलाच हवं होतं असं नाही. ऑस्कर मिशोने १९२० साली ‘विदिन अवर गेट्स’मध्ये एका कुळाचं घर दाखवलं होतं. तिथे शिकलेली मुलगी बापाचा हिशेब लिहून देते, तो हिशेब घेऊन बाप जमीनदाराकडे जातो, आणि खुनाच्या खोट्या आळापायी जमाव त्याला बायकोसकट फासावर देतो. हा सिनेमा अनेक दशकं हरवलेला होता. स्पेनमध्ये त्याची एक प्रत सापडली.

आणि मग चार्ल्स बर्नेटचा ‘किलर ऑफ शीप’. विद्यापीठातल्या पदवीसाठी सत्तरच्या दशकात केलेला, कृष्णधवल, तुटपुंज्या पैशांत. गाण्यांचे हक्क न मिळाल्याने थिएटरात नीट लागायला २००७ उजाडलं. शहर तेच, लॉस एंजलिस, वस्ती वॉट्सची. स्टॅन कत्तलखान्यात मेंढ्या मारतो आणि घरी येतो. बहुतेक सिनेमा घरी आणि गल्लीतच घडतो. मुलगी कुत्र्याचा मुखवटा घालून हिंडते. पोरं एका गच्चीवरून दुसऱ्या गच्चीवर उड्या मारतात. स्टॅन आणि त्याचा मित्र मोटारीचं जुनं इंजिन जिन्यावरून जिवाच्या आकांताने खाली आणतात, ट्रकवर ठेवतात, आणि ट्रक हलताच ते पडून फुटतं. गरम चहाचा कप गालाला लावून स्टॅन त्या उबेविषयी बोलतो, आणि समोरचा त्याला हसतो. यात कुणी थोर नाही, कुणी भयंकर नाही, कुणी गोऱ्या माणसाला सुधारत नाही.

एका प्रसंगात स्टॅन आणि त्याची बायको खिडकीसमोर नाचतात. डायना वॉशिंग्टनचं गाणं चालू आहे. तो थकलेला आहे, ती त्याला घट्ट धरून आहे. गाणं संपतं तसा तो सुटून खोलीबाहेर निघून जातो. ती खिडकीशीच राहते, आणि कॅमेरा तिच्यापाशी थांबतो.