कानाला खडा

डॉक्टरांनी माझ्या रक्तातल्या साखरेचा आकडा पाहिला आणि रोज पाऊण तास चालायला सांगितले. "चालताना गाणी ऐकली तर चालेल का?" मी विचारले. "नाचलात तरी चालेल," ते म्हणाले. अशा रीतीने मी इअरफोन या विषयाकडे वळलो.

मी पडलो कॉमर्सचा पदवीधर, त्यात बँकेतला कारकून. दहा रुपयांचे बॉलपेनही दोन दुकानांत चौकशी केल्याखेरीज घेत नाही. तेव्हा खालील परीक्षण हे खर्चलेल्या पैशाची वसुली समजावे.

पहिला प्रयोग कपाटातल्या वायरवाल्या जोडीचा. आवाज झकास, चार्जिंगची भानगड नाही, आणि किंमत सौ.ला खरी सांगता येते. पण एक तर २०१६ साली आयफोनने साडेतीन मिलिमीटरचे ते भोक बुजवले आणि पाठोपाठ बऱ्याच कंपन्यांनी आपापली भोके बुजवली. माझ्या फोनला ते आहे, म्हणजे फोन किती जुना ते ओळखा. दुसरे म्हणजे चालताना वायर शर्टाला घासते आणि ते घासणे थेट कानात येते. तळजाईची टेकडी चढेपर्यंत गाण्यामागे कोणीतरी फळी करवतत होते.

मग घेतली बिनवायरची, रबरी बोंडांची जोडी. डबीत लहान, मध्यम, मोठी अशी तीन मापे. माझ्या उजव्या कानाला मध्यम बसले, डाव्याला मोठे. चाळिशी उलटेपर्यंत आपले दोन्ही कान एकमेकांशी टॅली होत नाहीत हे मला ठाऊक नव्हते! हे माप मात्र नीट पाहावे. जराशी फट राहिली की तबल्यातला डग्गा गळतो आणि नुसती टिकटिक उरते. लोक मग कंपनीला शिव्या देतात. उलट फट अगदी बुजली की स्वतःची पावले डोक्यात धप्-धप् वाजतात. पहिल्या दिवशी मी दोनदा मागे वळून पाहिले. मागे कोणी नव्हते. पुढून मात्र रिक्षा येत होती.

घामाचे म्हणाल तर डबीवर 'आयपीएक्स४' असे लिहिलेले असते. ४ म्हणजे चहूबाजूंनी उडालेले पाणी सोसेल. ७ असेल तर मीटरभर पाण्यात अर्धा तास टिकेल. तितका मी स्वतः टिकणार नाही. मधला 'एक्स' म्हणजे धुळीची परीक्षा दिलेलीच नाही. आणि ही परीक्षा साध्या पाण्याने घेतात, घामातल्या मिठाने नव्हे. शिवाय डबीला हे संरक्षण बहुधा नसतेच. म्हणून पुसून मगच आत ठेवावे.

तिसरा प्रकार कानशिलाच्या पुढच्या हाडावर टेकवण्याचा. आवाज हाडातून आत जातो, कान मोकळे. डग्गा यथातथाच, आणि आवाज वाढवला की गालाला गुदगुल्या होतात. संगीत म्हणून मी याला काठावर पास करीन. पण रिक्षा ऐकू येते.

आवाजाचे गणित आमच्या धंद्यातले निघाले. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, ८० डेसिबल असेल तर आठवड्याला ४० तास ऐका. दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. ९० वर जेमतेम चार तास. चक्रवाढ व्याज पाहिलेल्या माणसाला हे पटकन कळते. बाहेरचा गोंगाट मारणाऱ्या इअरफोनचा खरा फायदा इथेच आहे. बसच्या घरघरीवर मात करायला आवाज वाढवावा लागत नाही.

म्हणून चौथी जोडी तसली घेतली. किंमत सौ.ला अजून पूर्ण सांगितलेली नाही. जोडी अप्रतिम. पंखा गेला, कुकर गेला, शेजारचे ड्रिल गेले. संध्याकाळी मी आरामखुर्चीत डोळे मिटून जुन्या क्रिकेट सामन्याची कॉमेंट्री ऐकत होतो. डोळे उघडले तर आई भिंत धरत-धरत स्वयंपाकघरातून येत होती. हातात पाण्याचं भांडं.

"अगं, हाक मारायचीस की!"

"मारल्या चार-पाच. म्हटलं, ऑफिसचं काहीतरी असेल."

सोनीचा पहिला वॉकमन १९७९ साली निघाला. त्याला इअरफोन लावायची भोके दोन होती आणि एक नारिंगी बटण होते. ते दाबले की गाणे हळू होई आणि समोरच्याचे बोलणे ऐकू येई. माझ्या चौथ्या जोडीतही बाहेरचे ऐकवायची सोय आहे. माहितीपत्रकात पान अकरावर. मी पान दहापर्यंतच वाचले होते.

तेव्हा निकाल असा : टेकडीवर हाडवाली, बसमध्ये गोंगाट मारणारी, आणि घरात एकाच कानाला एक. दुसरा कान घरच्यांच्या नावे जमा.

उरलेल्या बोंडाचे काय करायचे, हा प्रश्न होता. परवा ते आईच्या कानाला लावून माणिक वर्मा सुरू केल्या. मोठे बसेना, मध्यमही पडे. डबीत पडून असलेले सगळ्यांत लहान माप तिला नेमके बसले.

"हळू कर रे जरा," ती म्हणाली, "बहिरी नाहीये मी."