'आशा परत येते' : वाचकांचा मतभेद आणि दुसऱ्या वाचनाची कसोटी

प्रणय आणि रहस्य या दोन सूत्रांची एकत्र गुंफण करणाऱ्या कादंबरीविषयी वाचकांचे एकमत क्वचितच होते. वाचनालयाच्या देवघेवीच्या टेबलाशी अशा कादंबरीविषयी जी मते कानी पडतात, ती परस्परविरुद्ध असतात. एक वाचक म्हणतो, 'एका बैठकीत संपविली'. दुसरा म्हणतो, 'शेवटी फसवणूक झाली'. तिसऱ्याची तक्रार अशी, की प्रेमकथा चांगली रंगत होती, तीत पोलीस आणि न्यायालय उगाच आले. आणि चौथा सांगतो, की शेवट ठाऊक असूनही पुस्तक पुन्हा घेऊन जावेसे वाटते. अशा मतभेदाची बोळवण 'भिन्नरुचि' या शब्दाने करण्याची आपल्याकडे रीत आहे. परंतु हा मतभेद केवळ रुचीचा नाही. एकाच संहितेची दोन निरनिराळी वाचने त्यामागे उभी असतात, आणि त्यांचा विचार केल्याशिवाय या कादंबरीप्रकाराचे मूल्यमापन करता येत नाही.

या विचारासाठी जयंत देवकुळे यांच्या 'आशा परत येते' या कादंबरीचे उदाहरण सोयीचे आहे. १९६४ मध्ये राजा परांजपे यांनी तिच्यावरून 'पाठलाग' हा चित्रपट काढला. १९६५ मध्ये तेच कथासूत्र तमिळ चित्रपटात आणि १९६६ मध्ये 'मेरा साया' या हिंदी चित्रपटात आले. त्यामुळे ते मूळ पुस्तक न वाचलेल्यांनाही परिचित झाले. पतीच्या डोळ्यांदेखत पत्नीचा मृत्यू होतो. तिचे अंत्यसंस्कारही होतात. पुढे दरोडेखोरांच्या टोळीबरोबर एक स्त्री पकडली जाते. ती हुबेहूब पत्नीसारखी दिसते आणि आपण तीच असल्याचे सांगते. पती व्यवसायाने वकील. म्हणून हा प्रश्न घरात न सुटता न्यायालयात उभा राहतो. अखेरीस ती स्त्री खरोखरच पत्नी होती आणि मेली ती तिच्यासारखी दिसणारी बहीण, असा उलगडा होतो. पुढील विवेचन या कथासूत्रापुरते आणि शीर्षकापुरते मर्यादित आहे.

वाचकांच्या मतांत जे शब्द वारंवार येतात, त्यांचे कुळ आधी पाहिले पाहिजे. 'गुंफण', 'उत्कंठा', 'गुंतागुंत', 'उकल' हे शब्द सामान्य वाचकाच्या तोंडी रुळले, यात ना. सी. फडके यांचा वाटा मोठा आहे. कोल्हापुरात राजाराम महाविद्यालयात दीर्घकाळ प्राध्यापक असलेल्या फडक्यांनी 'प्रतिभासाधन' (१९३१) या ग्रंथात कथा-कादंबरीच्या तंत्राची पद्धतशीर मांडणी केली, आणि आपल्या कादंबऱ्यांतून त्या तंत्राचा वाचकांना सराव घडविला. याउलट 'यात जीवनाचे दर्शन कोठे आहे?' हा आक्षेप ज्या भूमिकेतून येतो, तिचे सर्वांत प्रभावी प्रतिनिधी वि. स. खांडेकर हेही शिरोड्याहून येऊन कोल्हापुरातच स्थिरावले. 'कलेसाठी कला' आणि 'जीवनासाठी कला' हा वाद त्या पिढीने लढविला. वाद शमला, पण त्याची परिभाषा वाचनालयात राहून गेली. आजही प्रणयरहस्याच्या कादंबरीवर बोलताना एक वाचक नकळत फडक्यांची मोजपट्टी वापरतो, तर दुसरा खांडेकरांची. तथापि या दोहोंपैकी कोणत्याही मोजपट्टीने चौथ्या वाचकाचे कोडे सुटत नाही. उत्कंठा संपल्यावर तंत्राचे काम संपते. आणि जुळ्या चेहऱ्यांच्या कथेत जीवनदर्शनाचा दावा कोणी करणार नाही. मग शेवट ठाऊक असलेला वाचक परत का येतो?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यास शीर्षकापासून आरंभ करावा. 'आशा परत येते' या वाक्यातील 'आशा' हे सामान्यनाम की विशेषनाम, हे वाक्यावरून ठरत नाही. दोन्ही शब्द स्त्रीलिंगी. क्रियापद दोहोंशी सारखेच जुळते. आणि विशेषनाम वेगळे दाखविण्याची सोय देवनागरीत नाही. 'येते' हे साधे वर्तमानकाळी रूपही अनेकार्थी आहे. 'पावसाळ्यात नदीला पूर येतो' यात ते नित्यत्व दाखविते, 'उद्या येते' यात नजीकचा भविष्यकाळ, आणि निवेदनात घडून गेलेली गोष्ट डोळ्यांपुढे उभी करते. त्यामुळे पुस्तक उघडण्यापूर्वी जे वाक्य 'माणसाची उमेद पुन्हा जागी होते' असे सर्वसामान्य विधान वाटते, ते पुस्तक मिटताना 'आशा नावाची स्त्री घरी परतते' अशी बातमी ठरते. रहस्य शीर्षकातच उघड केले आहे. मात्र व्याकरणाने ते झाकले आहे. 'पाठलाग' या चित्रपटाच्या नावात ही दुहेरी सोय नाही. ते रहस्यकथेचे नाव आहे आणि प्रेक्षकाला शोधाचीच अपेक्षा देते. 'मेरा साया' हे नाव उलट प्रणयाकडे झुकते. एकाच कथासूत्राची तीन नावे वाचक-प्रेक्षकांशी तीन वेगवेगळे करार करतात. आणि 'फसवणूक झाली' हा उद्गार पुष्कळदा कथेविषयी नसून या कराराविषयी असतो.

फसवणुकीचा आरोप मात्र गंभीरपणे तपासला पाहिजे. रहस्यकथेच्या निवेदकाला लपविण्याची मुभा असते, खोटे बोलण्याची नसते. या दोहोंमधील सीमारेषा मराठीत कोठे पडते, हे भाषेच्या अंगाने नेमके सांगता येते. लपविण्यासाठी मराठीजवळ साधने आहेत. 'कुणीतरी आले' या वाक्यात नपुसंकलिंगी क्रियापद येणाऱ्याचे लिंग झाकते; 'कुणीतरी दार उघडले' या कर्मणी रचनेत क्रियापद दाराशी जुळते आणि कर्ता अंधारात राहतो. परंतु प्रस्तुत कथासूत्रात प्रश्न लिंगाचा नसून ओळखीचा आहे, आणि तेथे निर्णायक ठरते ते नाम आणि सर्वनाम यांतील अंतर. मृत्यूच्या प्रसंगी 'तिने प्राण सोडला' असे निवेदकाने म्हटले, तर ते वाक्य उलगड्यानंतरही खरे राहते. 'आशाने प्राण सोडला' असे त्याने स्वतःच्या जबाबदारीवर म्हटले, तर ते असत्य ठरते. कारण विशेषनाम वापरणे म्हणजे व्यक्तीची ओळख पटल्याची ग्वाही देणे होय. तेच वाक्य पतीच्या मनातले म्हणून आले, तर पुन्हा निर्दोष. चूक पतीची, निवेदकाची नव्हे. फसवणूक झाली असे म्हणणाऱ्या वाचकाने मागे जाऊन एवढेच पाहावे, की नाव कोणी उच्चारले. या प्रकारातील बऱ्या आणि वाईट कादंबऱ्या येथे वेगळ्या काढता येतात. जुळ्या बहिणीची युक्ती संभाव्य की असंभाव्य, हा प्रश्न त्यामानाने गौण आहे.

या युक्तीला मोठी परंपराही आहे. विल्की कॉलिन्सची 'द वुमन इन व्हाइट' ही कादंबरी नोव्हेंबर १८५९ ते ऑगस्ट १८६० या काळात डिकन्सच्या साप्ताहिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली. तीत दोन सारख्या दिसणाऱ्या स्त्रियांपैकी एक मरते आणि दुसरीच्या नावाने पुरली जाते. जिवंत राहिलेली मृतेच्या नावाने वेड्यांच्या इस्पितळात कोंडली जाते. तेथेही मते दुभंगली. मार्गारेट ऑलिफंट यांनी १८६२ मध्ये कॉलिन्सच्या रचनाकौशल्याचा गौरव केला. तर हेन्री मॅन्सेल यांनी १८६३ मध्ये या जातीच्या कादंबऱ्या बुद्धीला सोडून मज्जातंतूंनाच आवाहन करतात, असा ठपका ठेवला. मराठी कादंबरीच्या आरंभकाळातही, याच सुमारास, 'मुक्तामाला' (१८६१) सारखी अद्भुतरम्य कथा आली. तेव्हा हा प्रकार आपल्याकडे उशिरा आलेला पाहुणा नव्हे.

मात्र कॉलिन्सच्या कथेत आणि मराठी कथासूत्रात एक महत्त्वाचा भेद आहे. कॉलिन्सचा नायक आपल्या प्रियेला तिच्याच नावाच्या थडग्यापाशी उभी पाहतो आणि तिच्याविषयी शंका घेत नाही. अविश्वास असतो तो नातलगांचा आणि कायद्याचा. मराठी कथेत प्रेम आणि कायदा एकाच माणसाच्या ठायी आहेत. पतीला जे अंतःकरणाने ओळखायचे, त्याचाच वकील म्हणून पुरावा मागायचा आहे. 'न्यायालय उगाच आले' ही तिसऱ्या वाचकाची तक्रार म्हणून टिकत नाही; न्यायालय काढून टाकले तर प्रणयातील पेचच नाहीसा होतो.

हा पेच मराठीत संबोधनाच्या पातळीवर विशेष तीव्र होऊ शकतो. पती पत्नीला 'तू' म्हणतो ते जवळिकीने. टोळीतल्या आरोपी स्त्रीला 'तू' म्हटले जाते ते तुच्छतेने. शब्द एकच. अशा स्त्रीला उलटतपासणीत पतीने 'तू' म्हटले, तर तो कोणता 'तू', हे त्यालाही सांगता येणार नाही. आणि त्याने 'तुम्ही' म्हटले, तर सौजन्याच्या रूपाने त्याने नातेच नाकारले असे होईल. तिच्या बाजूने पाहता, जुन्या रिवाजाप्रमाणे पत्नी पतीचे नाव घेत नाही. ती 'अहो' म्हणते. या संबोधनात नाव नसल्यामुळे ते काहीच सिद्ध करीत नाही. ते कोणतीही स्त्री उच्चारू शकते. अधिकार मात्र एकीचाच असतो. प्रणय आणि रहस्य येथे एका शब्दात एकवटतात, आणि हे सामर्थ्य भाषेचे आहे.

आता चौथ्या वाचकाकडे वळता येईल. मृत मानलेली पत्नी परत येण्याची कथा भारतीय साहित्याला नवी नाही. भासाच्या 'स्वप्नवासवदत्ता'त वासवदत्ता आगीत जळून मेली अशी वार्ता पसरविलेली असते. ती वेष पालटून राहते आणि पतीच्या दुसऱ्या विवाहाची माळ तिला स्वतःच्या हातांनी गुंफावी लागते. कालिदासाच्या दुष्यंतासमोर तर पत्नी स्वतः उभी राहून आपली ओळख सांगते आणि तो ती नाकारतो. या दोन्ही नाटकांत प्रेक्षकाला सत्य आरंभापासून ठाऊक असते. माळ गुंफणाऱ्या हातांकडे पाहताना 'ही कोण?' हा प्रश्न त्याच्या मनात नसतो. म्हणूनच तेथे करुण आणि विप्रलंभ उभे राहू शकतात. संस्कृत नाटककाराने प्रेक्षकाला ज्ञान दिले आणि त्याच्या मोबदल्यात रस मिळविला. आधुनिक रहस्यकाराने तेच ज्ञान काढून घेतले आणि उत्कंठा मिळविली. कथा तीच, फक्त वाचकाचे स्थान बदलले.

यावरून दुसऱ्या वाचनाचे मर्म ध्यानात येते. पहिल्या वाचनात वाचक पतीच्या शेजारी बसलेला असतो. स्त्री खासगी आठवणी सांगू लागली, की त्याला कावा दिसतो. ती रडली, की अभिनय दिसतो. तो तिच्यावर संशय घेतो आणि त्या संशयात त्याला आनंद वाटतो. दुसऱ्या वाचनात तीच वाक्ये एका निरपराध पत्नीची होतात. नवऱ्यानेच न ओळखलेली स्त्री भर न्यायालयात स्वतःचा संसार पुरावा म्हणून मांडते आहे, हे आता दिसते. आणि आपणही तिला खोटी ठरविण्यात सामील होतो, याची टोचणी लागते. उत्कंठेची जागा करुणा घेते. रहस्यकथा दुसऱ्या वाचनात 'स्वप्नवासवदत्ता'च्या जातीची होते. चौथा वाचक परत येतो तो रहस्यासाठी नव्हे. पहिल्या वेळी ज्या स्त्रीचे म्हणणे त्याने ऐकून घेतले नव्हते, तिचे म्हणणे ऐकण्यासाठी.

अर्थात सर्व आक्षेप यामुळे निरस्त होत नाहीत. नेमक्या वेळी बहिणीचे येणे हा योगायोग ओढूनताणून आणलेला आहे, आणि 'जुळी बहीण' हा उलगडा एकदा परिचित झाला, की तो पुढच्या लेखकांच्या हाती स्वस्त होतो, हे मान्य केले पाहिजे. त्याहून वजनदार आक्षेप प्रणयाच्या अंगाने येतो : ज्याने पत्नीवर इतके प्रेम केले, त्याने तिला समोर पाहून ओळखू नये काय? या आक्षेपाला पूर्ण उत्तर नाही. दुष्यंताच्या विस्मृतीला निदान दुर्वासाच्या शापाचा आधार होता, आणि त्यालाही अखेर मुद्रिकेची खूण लागली. आधुनिक पतीजवळ शाप नाही. आहे तो केवळ स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास. मृत्यू डोळ्यांनी पाहिला, म्हणून जिवंत स्त्री खोटी. ही कथेतील उणीव मानावी की तिचे सर्वांत कठोर विधान, यावर वाचकांचे दुमत राहणारच. आणि ते राहणे योग्य आहे.

तात्पर्य, प्रणयरहस्याच्या कादंबरीविषयी मत देताना ते कोणत्या वाचनावर आधारलेले आहे, हे आधी स्पष्ट झाले पाहिजे. 'एका बैठकीत संपविली' हे पहिल्या वाचनाचे प्रशस्तिपत्र आहे. ते खरे असले तरी अपुरे. उलगड्यानंतर मागील पाने पुन्हा उघडली असता निवेदकाची वाक्ये खरी उतरतात काय, आणि संशयित म्हणून पाहिलेली व्यक्ती माणूस म्हणून अधिक जवळ येते काय, या दोन प्रश्नांवर त्या कादंबरीचे वाङ्मयीन मूल्य ठरावे. पहिल्याचे उत्तर व्याकरणात सापडते, दुसऱ्याचे वाचकाच्या अंतःकरणात. दोन्ही उत्तरे होकारार्थी देणारी पुस्तके या प्रकारात थोडी आहेत. परंतु ती वेगळी काढण्यासाठी तरी या प्रकाराकडे अभ्यासकांनी वाचनालयाच्या टेबलाइतकेच लक्ष दिले पाहिजे.