जुन्या गोव्याची कमान आणि धक्का

लोधीखेड्याकडच्या आम्हां पठारी माणसांस मालाची वाट म्हणजे सडक, एवढेच ठाऊक. म्हणून जुन्या गोव्याचा मांडवीकाठ पाहताना आमचे कुतूहल काही निराळेच होते.

येथील व्हाइसरॉयची कमान सोळाव्या शतकाच्या अखेरीस फ्रांसिश्कु द गामा याने आपला पणजोबा वास्को द गामा याच्या स्मरणार्थ उभारली. नवा व्हाइसरॉय नावेतून उतरून याच द्वाराने नगरात शिरे. पुढे ती ढासळली आणि १९५४ साली पुन्हा बांधण्यात आली.

या पुनर्बांधणीने कमानीस तिचा चेहरा परत दिला, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु ती मुळात धक्क्याचे दार होती. ज्या पाण्याकडे ते दार उघडे, त्याचा विचार मागेच राहिला. येथून पूर्वेस कुंभारजुव्याचा कालवा मांडवी आणि जुवारी यांस जोडतो. पावसाळ्यात आग्वादपाशी मांडवीचे मुख वाळूने अडले, की खनिजाची बार्जे याच आडवाटेने मुरगावास जात. २०१६ च्या कायद्याने हा १७ किलोमीटरांचा प्रवाह राष्ट्रीय जलमार्ग ठरला. पण कायद्याने दिलेला मान काठावर दिसावयास हवा.

कमानीजवळच दिवाडीची फेरीबोट लागते. माणसे आणि दुचाक्या घेऊन ती दिवसभर पाणी ओलांडते. धक्क्याचे खरे जतन, आमच्या मते, तीच करीत आहे. जीर्णोद्धारास दगडाइतकीच नावेचीही गरज असते, हे ज्या दिवशी उमजेल, त्या दिवशी ती कमान पुन्हा दार होईल.