सिनेमातली आई आणि घराचे कागद

कौटुंबिक सिनेमा आपण बायका हातात रुमाल घेऊन बघतो. माझं म्हणणं, एकदा तो हिशेबाची वही घेऊन बघावा. रडू येईल तिथे थांबायचं आणि दोनच प्रश्न विचारायचे: पैसे किती होते? आणि घर कुणाच्या नावावर होतं? निम्मे सिनेमे मध्यंतराच्या आत आटपतील.

सुरुवात ‘अशी ही बनवाबनवी’पासून करू. १९८८चा हा सिनेमा तोंडपाठ नाही असं घर डिचोलीत सापडणार नाही आणि पेडण्यातही नाही. धनंजय माने घरमालकाकडून औषधासाठी ७० रुपये घेतो. औषध काही येत नाही. ते पाठवणारा माणूस म्हणे वारला, आणि त्याच्याबरोबर ७० रुपयेही गेले! आपण इतकी वर्षं हसतोय, पण उसनवारीचा सगळा धडा एवढ्यात आलाय. पैसे बुडतात ते चोराकडे नाही, गोड बोलणाऱ्या ओळखीच्या माणसाकडे. आणि बघा, रक्कम किती ते आपल्याला नेमकं आठवतं. विनोदी सिनेमा आकडा सांगतो. रडका सिनेमा आकडा लपवतो. माझी तक्रार आहे ती इथे.

‘अवतार’ घ्या, १९८३चा. राजेश खन्ना आणि शबाना आझमी. बाप राबून घराचे पैसे जमवतो आणि मुलगा घर आपल्या बायकोच्या नावावर करतो. थिएटरात सगळ्यांनी सुनेला शिव्या घातल्या. पण कागद होत होते तेव्हा आईबाप कुठे होते, हे सिनेमा विचारत नाही. आईला तर वाचायला कागदच मिळत नाही. तिच्या वाट्याला फक्त अश्रू.

वीस वर्षांनी, २००३मध्ये, ‘बागबान’ आला. अमिताभ बच्चन जन्मभर बँकेत नोकरी करतो. दुसऱ्यांच्या ठेवी सांभाळणारा हा गृहस्थ निवृत्त होतो तेव्हा त्याच्याकडे स्वतःचं घर नाही आणि गाठीला पैसाही नाही. सगळं चार मुलांवर खर्च केलेलं. मग मुलं आईबापांची वाटणी करतात. हेमामालिनीने चाळीस वर्षांच्या संसारात एकदाही “अहो, पासबुक दाखवा बघू” म्हटलं नाही का? म्हटलं असतं तर सिनेमा झाला नसता, हे खरं.

आणि यातून सुटका कशी होते? ‘अवतार’मध्ये गाडीच्या भागाचा शोध लागतो, ‘बागबान’मध्ये पुस्तक गाजतं. म्हणजे म्हातारपणची सोय काय, तर पुस्तक! मीही पुस्तकं लिहिते. त्यांच्या मानधनात चवथीला शेजारणीच्या माटोळीची फळंसुद्धा यायची नाहीत. आम्हा डिचोलीकरांना तर हे वेगळं सांगायला नको. २०१२मध्ये खाणी थांबल्या, कर्जावर घेतलेले ट्रक दारात उभे राहिले, पण हप्ते काही थांबले नाहीत. तेव्हा कुणाच्या घरी शोधही लागला नाही आणि पुस्तकही गाजलं नाही. घरं तगली ती बायकांनी डब्यात टाकलेल्या पैशांवर आणि मोडलेल्या बांगड्यांवर.

आपल्या धर्माला या बाबतीत सिनेमापेक्षा व्यवहार जास्त कळतो. बाराव्या शतकात हेमचंद्राचार्यांनी ‘योगशास्त्रा’त चांगल्या गृहस्थाचे ३५ गुण सांगितले. त्यांतला पहिलाच, न्यायाने मिळवलेलं धन. आणखी एक, मिळकतीला साजेसा खर्च. ‘बागबान’चा नायक पहिल्यात पास, दुसऱ्यात नापास. सिनेमा मात्र त्याच्या नापास होण्यालाच त्याग म्हणतो आणि आपल्याला टाळ्या वाजवायला लावतो.

या सगळ्यांत मला प्रामाणिक वाटला तो २००६चा ‘खोसला का घोसला’. अनुपम खेर जन्माची पुंजी प्लॉटमध्ये घालतो. दलाल त्यावर कब्जा करतो आणि सोडायचे १५ लाख मागतो. बघा, परत विनोद आणि परत आकडा! इथे सून वाईट नाही, नशीबही वाईट नाही. वाईट आहे जमिनीचा धंदा. हा सिनेमा दिल्लीचा असला तरी आज तो पेडण्यात बसून बघावा. २०२३च्या जानेवारीपासून मोपाला विमानं उतरू लागली. काल ज्या भरडाकडे कुणी ढुंकून बघत नव्हतं, त्याच्या कागदांसाठी आज घरात माणसं येऊन बसतात. चहा कोण करतं? आपण. आणि मग आपल्याला सब-रजिस्ट्रारच्या ऑफिसात नेतात आणि “वहिनी, इथे सही करा” म्हणतात.

ही सही का लागते, हे किती जणींना ठाऊक आहे? १८६७च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून गोव्यात नियम चालत आलाय. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल, तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक, दोघांची निम्मी-निम्मी. घर-जमीन विकायची तर दोघांची संमती लागते. म्हणजे ती सही उपचार नव्हे, मालकिणीची सही आहे. हिंदी सिनेमातल्या आईला जे तीन तास रडून मिळत नाही, ते आपल्याला लग्नाच्या नोंदणीबरोबरच मिळालेलं असतं. आणि आपण ते न वाचता, चष्मा पर्समध्येच ठेवून, सही करून मोकळ्या होतो.

कुणी म्हणेल, श्राविकेने मालमत्तेची एवढी चौकशी कशाला करायची? आपलं व्रत अपरिग्रहाचं. पण बाई, गृहस्थाचं व्रत परिग्रह-परिमाणाचं आहे, म्हणजे आपल्याजवळ किती ठेवायचं त्याला मर्यादा घालण्याचं. मर्यादा घालायची तर आधी आपलं किती आहे ते कळायला नको? जे आपलं आहे हेच ठाऊक नाही, ते सोडलं तर त्याला त्याग कसा म्हणणार?

तेव्हा ‘बागबान’ परत लागला की जरूर बघा, रडा पण. फक्त जाहिराती लागतील तेव्हा उठून कपाटातली फाइल काढा. पहिल्या पानावर नावं कुणाची आहेत तेवढं वाचा.