गुडघा न टेकण्याचा निर्णय

अमेरिकी विद्यापीठीय फुटबॉलचा चाहता प्रशिक्षकाच्या डावपेचांवर चिडतो, तेव्हा बहुधा तो निकालावरच चिडलेला असतो. डाव साधला तर धाडस, फसला तर मूर्खपणा. ७ ऑक्टोबर २०२३चा मायामी-जॉर्जिया टेक सामना मात्र वेगळा. मायामी २०-१७ पुढे, चेंडूही त्यांच्याच हाती. गुडघा टेकून स्वस्थ बसले असते, तर उरलेले काम घड्याळाने केले असते. मुख्य प्रशिक्षक मारिओ क्रिस्टोबाल यांच्या संघाने धाव घेतली आणि २६ सेकंद उरले असताना चेंडू सुटला. जॉर्जिया टेकने ७४ यार्ड कापून २३-२०ने सामना खिशात घातला, तेव्हा घड्याळात एकच सेकंद होता.

चेंडू सुटला नसता तरी निर्णय चूकच होता, कारण त्या धावेतून कमावण्यासारखे काही नव्हते. (खेळाडूला बोल लावणारे हे विसरतात.) शिवाय २०१८मध्ये ओरेगनचे प्रशिक्षक असताना स्टॅनफर्डविरुद्ध क्रिस्टोबाल यांनी अशीच धाव घेऊ दिली होती, तिथेही चेंडू सुटला, आणि अतिरिक्त वेळेत सामना गेला. म्हणून चाहत्यांच्या या संतापाला मी समीक्षा म्हणतो. पराभवापेक्षा त्यांना पाच वर्षांपूर्वीचा विसरलेला धडा अधिक खुपत होता.