प्लॉट : नाम इंग्रजी, क्रियापद आपलं

या मालेत आपण रोजच्या वापरातला एकेक शब्द घेतो आणि त्याच्या तळाशी काय आहे ते बघतो. आजचा शब्द इंग्रजी आहे, पण आपल्या नंदुरबार जिल्ह्यात तो इतका रुळलाय की त्याला परका म्हणायला जीभ धजत नाही. शब्द आहे ‘प्लॉट’.

आधी त्याचा पसारा बघा. शहाद्याकडचा शेतकरी सांगतो, “यंदा पपईचा प्लॉट चांगला आहे.” शहरातला नोकरदार म्हणतो, “गावाबाहेर एक एनए प्लॉट घेऊन ठेवलाय.” धडगाव-मोलगीकडचा माणूस म्हणतो, “फॉरेस्टचा प्लॉट आहे आमचा, दावा टाकलाय.” तळोद्याजवळच्या पुनर्वसन वसाहतीत ‘घरप्लॉट’ असतो. कॉलेजात एका वर्गात कादंबरीचा प्लॉट चाललेला असतो, शेजारच्या वर्गात ग्राफवर बिंदू प्लॉट करायला सांगतात. आणि सिनेमा बघून आलेला पोरगा म्हणतो, “गाणी बरी होती, प्लॉटच नव्हता.”

इंग्रजीत या शब्दाचा मूळ अर्थ जमिनीचा छोटा तुकडा. मग आराखडा, मग कट-कारस्थान. १६०५ साली लंडनमध्ये पार्लमेंट उडवून देण्याचा डाव उघडकीला आला, त्याला आजही ‘गनपावडर प्लॉट’ म्हणतात. त्याच काळातल्या नाटक कंपन्यांत पडद्यामागे एक कागद टांगलेला असे. कोणी कधी रंगमंचावर जायचं ते त्यावर लिहिलेलं असे, आणि त्या कागदालाही प्लॉटच म्हणत. जमिनीचा नकाशा आणि नाटकाचा नकाशा, दोन्हींना एकच शब्द. आपण त्यातलं काय घेतलं? जमीन घेतली, कथानक घेतलं, आलेख घेतला. कारस्थान मात्र फारसं घेतलं नाही, कारण त्यासाठी आपल्याकडे ‘कट’ होताच. त्या बाबतीत आपण स्वयंपूर्ण होतो. (हशा)

आता प्रश्न असा की इतक्या अर्थांना धरून ठेवणारी गोष्ट कोणती? पीटर ब्रूक्स या अमेरिकन समीक्षकाने १९८४ साली ‘रीडिंग फॉर द प्लॉट’ हे पुस्तक लिहिलं. शब्दकोशातले चार अर्थ समोर ठेवून तो त्यांत एक समान धागा शोधतो. तो धागा म्हणजे सीमा आखणं. जमिनीला कुंपण घालतात, तसं गोष्टीलाही घालतात. दुसरं उत्तर विट्गेन्स्टाइनचं, १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथातलं. समान धागा असलाच पाहिजे असं नाही, तो म्हणतो. एका घरातल्या माणसांत कोणाचं नाक जुळतं, कोणाची चाल जुळते, सगळ्यांत सारखं असं एकही लक्षण नसतं. शब्दाच्या वापरांचंही तसंच.

दोन्ही उत्तरं हुशार आहेत, पण आपल्या जिल्ह्यात दोन्ही अपुरी पडतात. ब्रूक्सचा धागा पपईच्या शेतातच तुटतो. शेतकऱ्याचा ‘प्लॉट’ म्हणजे बांध नव्हे. व्हायरस आला की तो म्हणतो, “प्लॉट गेला.” जमीन कुठे गेली? ती तिथेच आहे. गेलं ते लागवडीपासून तोड्यापर्यंतचं नऊ-दहा महिन्यांचं एक प्रकरण. रोपं, ठिबक, खतं, उधारी, भाव. त्याला आरंभ आहे, मध्य आहे, शेवट आहे. ॲरिस्टॉटलने कथानकाकडून हेच मागितलं होतं. म्हणजे जमिनीचा म्हणून आलेला शब्द आमच्या शेतकऱ्याने न कळत गोष्टीचा करून टाकला.

विट्गेन्स्टाइनची अडचण वेगळी आहे. कुटुंबात साम्य असतं हे खरं, पण कुटुंबात भांडणंही असतात. एका अर्थाचा प्लॉट दुसऱ्या अर्थाच्या प्लॉटच्या छातीवर बसतो, ते साम्याच्या भाषेत सांगता येत नाही.

म्हणून मी दुसऱ्या ठिकाणी बघायला सांगतो. क्रियापदाकडे बघा. नाम आपण इंग्रजीतून आणलं, पण क्रियापद आपलंच राहिलं, आणि सगळा अर्थ तिथे आहे. पपईचा प्लॉट लावतात. शहराकडेच्या शेतात प्लॉट पाडतात. वनजमिनीवरचा प्लॉट कसतात. वसाहतीतला प्लॉट मिळतो. लावणं, पाडणं, कसणं, मिळणं. माणसाचे जमिनीशी असलेले हे चार वेगळे संबंध आहेत, आणि ‘प्लॉट’ हे नाम ते चारही झाकून टाकतं.

‘पाडणं’ घ्या. आपण तुकडे पाडतो, भाव पाडतो, माणूस पाडतो. प्लॉट पाडायचा म्हणजे चालत्या शेताचं शेतपण काढून घ्यायचं, चुन्याची रेघ मारायची आणि नंबर द्यायचा. या प्लॉटचा सगळा अर्थ विकता येण्यात आहे. आता त्याच्या शेजारी ‘फॉरेस्टचा प्लॉट’ ठेवा. २००६ च्या वनहक्क कायद्याप्रमाणे आदिवासी कुटुंबाला, १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून कसत असलेल्या वनजमिनीवर, जास्तीत जास्त चार हेक्टरपर्यंत हक्क मिळतो. हा हक्क वारसाने पुढे जातो, पण विकता येत नाही. नवरा-बायको दोघांच्या नावाने तो लागतो. एकाचा प्लॉट विकण्यासाठी, दुसऱ्याचा न विकण्यासाठी, आणि शब्द मात्र एकच!

याहून महत्त्वाची गोष्ट पुराव्याची आहे. या कायद्याच्या नियमांत पुरावे म्हणून काय काय चालतं? सरकारी कागद चालतात. पण बांध, विहीर, झोपडी, स्मशान, देवस्थानाची जागा, वंशावळ हेही चालतं. दावेदार सोडून गावातल्या जुन्या माणसांनी सांगितलेलं आणि लिहून घेतलेलं निवेदनही चालतं. म्हणजे काय झालं? जमिनीचा प्लॉट मिळवायला गोष्टीचा प्लॉट सांगावा लागतो.

इथे ई. एम. फॉर्स्टर आठवतो. हा गृहस्थ देवासच्या मराठा संस्थानात, पवार महाराजांचा खाजगी सचिव म्हणून १९२१ साली राहून गेला. १९२७ मध्ये केंब्रिजला त्याने कादंबरीवर व्याख्यानं दिली. त्यांत त्याने गोष्ट आणि प्लॉट यांत भेद केला. ‘मग काय झालं’ याचं उत्तर म्हणजे गोष्ट, ‘का झालं’ याचं उत्तर म्हणजे प्लॉट. आता दाव्याच्या फाइलीकडे बघा. तिथे सगळा भर ‘कधीपासून’ यावर असतो. तारीख जुळली पाहिजे. पण म्हातारा माणूस सांगायला बसला की ‘का’पासून सुरुवात करतो. भाऊ वेगळे झाले म्हणून, वरची जमीन धुपली म्हणून, अमुक साली दुष्काळ पडला म्हणून इथे आलो. ऐकणाऱ्याला ते पाल्हाळ वाटतं. खरं तर कार्यकारणभाव म्हातारा सांगत असतो आणि फाइल नुसती तारखांची माळ मागत असते. फॉर्स्टरच्या भाषेत, प्लॉट म्हाताऱ्याकडे असतो, कचेरीकडे नुसती गोष्ट.

आणि आता ‘मिळणं’. सरदार सरोवरात अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली ३३ गावं बाधित झाली. नर्मदा पाणीवाटप लवादाचा १९७९ चा निवाडा सांगतो की शेतजमिनीखेरीज प्रत्येक कुटुंबाला ६० बाय ९० फुटांचा घरप्लॉट द्यावा. कागदावर ही तरतूद उदार आहे, आणि ती त्या काळात लेखी झाली याचं मोल मी कमी करणार नाही. पण नर्मदाकाठच्या डोंगरातलं घर कसं होतं? आपापल्या शेतात, एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर, विखुरलेलं. नदीतला मासा, गुरांचं चरणं, जंगलातला डिंक-मोह हे त्या घराचे भागच होते. चांगल्या कथानकाची ॲरिस्टॉटलची कसोटी अशी की त्यातला एक भाग काढला तर सगळंच विस्कटलं पाहिजे. त्या अर्थाने मणिबेलीचं घर कथानक होतं. ६० बाय ९० ला त्या कसोटीची गरजच नाही. तो इथून उचलून तिथे ठेवता येतो, सोमावळला काय, रेवानगरला काय. मोजता येतं तेवढं दिलं गेलं. जे मोजता येत नव्हतं, ते नव्हतंच असं ठरलं.

कोणी म्हणेल, मग शुद्ध मराठी ‘भूखंड’ वापरा. त्याने काही साधणार नाही. ‘भूखंड’ फक्त जाहिरातीत आणि घोटाळ्यात भेटतो. ‘भूखंडाचे श्रीखंड’ ही कोटी सगळ्यांना पाठ आहे. पण भूखंड कोणी लावत नाही, कोणी कसत नाही. त्याचं फक्त ‘वाटप’ होतं. त्या शब्दाला शेतकऱ्याचं क्रियापदच चिकटत नाही. ‘प्लॉट’ला चिकटलं. म्हणून इथे परका शब्द आपल्या प्रतिशब्दापेक्षा मातीच्या जवळचा निघाला.

माझी तक्रार शब्दाविरुद्ध नाही. अनेक अर्थ असणं हा शब्दाचा दोष नव्हे, ती त्याची कमाई आहे. तक्रार आहे ती क्रियापद गाळण्याविरुद्ध. कागदावर ‘प्लॉटधारक’ असं लिहिलं की लावणारा, पाडणारा, कसणारा आणि मिळालेला हे चौघे एकाच रांगेत उभे राहतात. ‘धारण करणं’ हे फार थंड क्रियापद आहे. छत्रीसुद्धा धारण करता येते.

याच कायद्यात सामूहिक वनहक्काचीही तरतूद आहे. तिथे गावाच्या पारंपरिक हद्दीतलं जंगल गावाने राखायचं आहे, वापरायचं आहे. त्याचे प्लॉट नाहीत. त्याला नंदुरबारच्या भाषांनी कोणतं नाव दिलंय, पावरीत काय म्हणतात, भिलीत, मावचीत काय म्हणतात, हे तुमच्यातल्या तरुणांनी गावोगाव विचारून लिहून ठेवावं. मात्र नुसतं नाव लिहून थांबू नका. त्या नावापुढे माणसं कोणतं क्रियापद लावतात, तेही नीट ऐका.